उतारशाळेचं काम: मिरजेतल्या एका खोलीचं प्रकरण

गेल्या हंगामात आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या चर्चमागच्या खोलीत एक ऊसतोड कुटुंब डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत राहिलं. नवऱ्याच्या मांडीचं हाड मोडलेलं, बायको, दोन पोरं, आणि मागाहून गावाहून आलेली सासू. बीड जिल्ह्यातली माणसं. हे प्रकरण मी इतर मंडळ्यांतल्या महिला मंडळांसाठी लिहून काढते आहे, कारण त्याची जी गोष्ट आता बाहेर सांगितली जाते ती जरा जास्तच गोड झाली आहे. ‘परक्याला घरात घेतलं’ एवढीच ती गोष्ट. घेतलं, हे खरंच. पण घेतल्यावर कोण कुणावर रुसलं, चावी कुणाकडे राहिली, त्या बाईला नेमकं काय हवं होतं हे मंडळीच्या ध्यानात यायला किती वेळ गेला, ते त्यात कुठेच येत नाही.

नावं कुणाचीच देत नाही. कारखान्याचं नाही, दवाखान्याचं नाही, मंडळीचंही नाही. मिरजेतल्या कुणाला ओळखता आलंच, तर त्याने ओळखून गप्प बसावं.

आधी मिरजेबद्दल

मिरज हे दवाखान्यांचं गाव. अथणी, चिकोडी, विजापूरकडचे पेशंट येतात, कोकणातले येतात, जत-आटपाडीचे तर येतातच. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी इथे मिशनचं रुग्णालय उभं केलं, तिथपासून ही रीघ आहे. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव; क्षयरोग्यांचं सॅनिटोरियम तिथे होतं. परदेशातून आलेल्या डॉक्टरच्या नावाची ‘वाडी’ व्हावी आणि कुणाला त्यात वावगं वाटू नये, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. तर त्या इतिहासामुळे आमच्या मंडळीत सिस्टर, कंपाउंडर किंवा वॉर्डबॉय नसलेलं घर शोधावं लागेल. मी स्वतः निवृत्त सिस्टर. आजाऱ्याकडे जाणं हे आमच्या अंगवळणी पडलेलं आहे. रविवारची उपासना झाली की चार-सहा जण केळी आणि बिस्किटांचे पुडे घेऊन वॉर्डात जातात, दोन शब्द बोलतात, प्रार्थना करतात, घरी येऊन जेवतात.

कोण, कुठून, कसं

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, गावात येऊन उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि जोडी ती ऊस तोडून फेडते. मजुरी टनावर. दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचे पैसे मजुराच्याच हिशेबातून वजा. दिवाळी झाली की ही माणसं सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांवर उतरतात, पाचटाच्या खोपी घालून राहतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत जातात. आपल्याला ती दिसतात रस्त्यावर: उसाने भरलेली बैलगाडी, वर कांबळ्यात गुरफटलेलं पोर. आपण हॉर्न वाजवून पुढे जातो.

नोव्हेंबरच्या शेवटी एका रात्री ट्रॉली भरणं चाललं होतं. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर चढायचं असतं. दंवाने फळी ओली झालेली, पाय सटकला, उजव्या मांडीचं हाड मधोमध मोडलं. मुकादमाने जीपमध्ये घालून दवाखान्यात आणलं आणि पहाटे तो परत गेला, कारण ट्रॉली अर्धीच भरली होती.

पुढच्या रविवारी आमची माणसं वॉर्डात गेली तेव्हा तो पायाला वजन बांधून पडलेला होता. ऑपरेशन थांबलं होतं कागदावर. जन आरोग्य योजनेतून सळी बसवायची तर रेशनकार्ड हवं, आणि पिवळं कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत. शेजाऱ्याने मोबाइलवर फोटो पाठवला होता, योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला मूळ कार्ड पाहिजे होतं. बायको बाहेर पॅसेजमध्ये, तीन वर्षांचा मुलगा मांडीवर, नऊ वर्षांची मुलगी भिंतीला टेकून.

आमच्या एका ताईंनी तिच्यापुढे केळी धरली.

“कितीला दिली, माय?”

ताई म्हणाल्या, अगं पैसे नकोत. तिने पुन्हा विचारलं. मग कनवटीची दहाची नोट काढून पुढे केली. ताईंनी तिची मूठ बंद करून परत दिली, प्रेमानेच. मी बाहेर आल्यावर त्यांना म्हटलं, घ्यायला हवी होती. त्यांना ते बोलणं कठोर वाटलं. या प्रकरणाचा अर्धा भाग त्या दहाच्या नोटेत आहे, असं माझं मत तेव्हा होतं आणि आजही आहे.

कॉटपाशी प्रार्थना

त्याच दिवशी आमच्यातले एक वडील, म्हणजे मंडळीच्या कारभारातले एक ज्येष्ठ, कॉटच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, “डोळे मिटू या.” मी त्यांच्या कोपराला हात लावला आणि सिस्टरच्या आवाजात सांगितलं की पेशंटला विश्रांतीची वेळ आहे. ते थांबले, पण रागावले. मंगळवारच्या कमिटीत तो विषय निघाला आणि रात्री साडेदहापर्यंत चालला.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची नाही तर मंडळी कशाला म्हणायचं? केळी काय, चौकातलं मित्रमंडळही वाटतं. विश्वास मनात ठेवायचा आणि हातात फळं द्यायची, हा भित्रेपणा झाला. त्यांच्या म्हणण्यात दम होता, ते मी तिथेच कबूल केलं. माझं म्हणणं एवढंच की ट्रॅक्शनला टांगलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. घरी आलेल्या माणसाला तुम्ही विचारलंत, “प्रार्थना करू का?” तर त्याला चपला घालून निघून जाता येतं. कॉटवरच्याला येत नाही. त्यात त्याच्या बायकोने आत्ताच तुमचं केळं खाल्लेलं. तो ‘हो’ म्हणेल तर त्या ‘हो’ची किंमत काय?

पाळकसाहेब, म्हणजे आमचे पास्टर, बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “प्रार्थना घरी करा. देवाला वॉर्ड नंबर सांगावा लागत नाही.” हसू झालं. मग त्यांनी साताऱ्याची आठवण काढली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. पुढे दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, टिळक गेले. पाळकसाहेबांचा रोख असा की येशूच्या जवळ कुणी किती यायचं हे ठरवायची घाई आपल्याआधीच्या मोठ्या माणसांनीही केली नाही. वडील म्हणाले, टिळक कवी होते, त्यांना सगळं शोभतं.

शेवटी ठरलं ते असं: समोरच्याने आपण होऊन म्हटल्याशिवाय कॉटपाशी मोठ्याने प्रार्थना नाही, पत्रिका-पुस्तिका नाहीत, आणि फोटो नाहीत. फोटोचं कलम एका तरुण मुलीने घालायला लावलं. ते किती गरजेचं होतं हे नाताळात कळलं.

खोली मिळेपर्यंत

सासू कार्ड घेऊन एसटीने आली, सळी बसली, टाके निघाले, आणि डिसेंबरच्या मध्यावर डिस्चार्जचा कागद हातात पडला. जायचं कुठे? खोपीचं दार वाकून शिरायचं, आत जमिनीवर अंथरूण, संडासला शेतात. मांडीत सळी असलेल्या माणसाला उकिडवं बसता येत नाही. बीडचा प्रवास त्या अवस्थेत करायचा नाही, आणि एक्स-रेला परत मिरजेलाच यायचं.

चर्चच्या मागे पत्र्याची एक खोली आहे. बाहेरगावच्या उपदेशकांसाठी बांधलेली, पण वर्षातले बरेच दिवस तिच्यात प्लास्टिकच्या खुर्च्या आणि नाताळचे तारे असतात. ती द्यावी अशी सूचना आली. हरकती अशा: नाताळ सप्ताहाला पाहुणे उपदेशक येणार, ३० तारखेला लग्न आहे, तेव्हा आचारी कुठे बसणार, लहान पोरं भिंती खराब करतील, आणि एकदा दिली की पायंडा पडेल. शेवटची हरकत मला सगळ्यात प्रामाणिक वाटली. उपदेशक पाळकीणबाईंनी आपल्या घरी ठेवून घेतले, आचाऱ्यांना अंगणात मांडव घालून दिला. भिंतींचं काय झालं ते अजून दिसतं. चावी मात्र तीन दिवस अडून बसली, कारण ती ज्यांच्याकडे होती त्यांना कमिटीचा ठराव लेखी हवा होता.

आता त्या खुर्चीबद्दल, कारण माझ्या मते या सगळ्यात सर्वात ख्रिस्ती वस्तू तीच होती. मंडळीतले एक काका रेल्वेत फिटर होते, जंक्शनवर उभी हयात गेली. कमोडची खुर्ची आणू या का, भाडं किती, वर्गणी काढू या, अशी चर्चा चालू असताना ते उठले. खोलीतल्याच एका प्लास्टिकच्या खुर्चीच्या बैठकीला त्यांनी करवतीने भोक पाडलं, कडा कानशीने घासल्या आणि त्यावर सायकलची जुनी ट्यूब चिरून गुंडाळली, म्हणजे मांडीला टोचू नये. खाली बादली. मग स्वतः बसून पाहिलं. एका बाजूला कलली तर पेशंट पडेल म्हणून मागच्या दोन पायांना लाकडाची पट्टी ठोकली. त्यांनी या प्रकरणात कुठलंही मोठं वाक्य बोललेलं मला आठवत नाही.

जेवणाचे डबे ठरवून दिले होते. प्रत्येक घराने आपल्या पाळीला चांगलं ते केलं: मऊ चपात्या, वरणभात, कुणी शिरा, कुणी अंडाकरी. डबे अर्धे परत यायचे. ताई नाराज व्हायच्या, पेशंटला चव नाही म्हणायच्या. सासूबाईंनी सांगितलं तेव्हा उलगडा झाला. त्या माळकरी, कांद्यालसणाचंही त्यांना चालायचं नाही एकादशीला, मटणाच्या भांड्यातलं तर कधीच. लेकाला बाजरीची भाकरी हवी होती, थंडीचे दिवस, आणि चपातीने पोट भरत नाही असं तो बायकोला सांगायचा, आम्हाला नाही. मग एक वेगळी शेगडी, एक तवा, दोन पातेली विकत आणली, बाजरीचं पीठ आणलं आणि डबे बंद केले. नाताळच्या दिवशी आमच्याकडे मटण शिजतं, त्या दिवशी सासूबाईंची शेगडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली. त्यांनी तिथून सगळ्यांना भाकरी पुरवल्या. मटणाबरोबर, आणि त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

तिला काय हवं होतं

खोलीत येऊन आठवडा व्हायच्या आत बायको म्हणाली, मी फडावर जाते.

मंडळीतल्या बायकांना हे झेपेना. नवरा अंथरुणाला खिळलेला, पोरं लहान, आपण एवढं सगळं केलेलं, आणि ही ऊस तोडायला निघाली? एक ताई माझ्यापाशी रडल्या. दुसऱ्या म्हणाल्या, माया नाही हो या लोकांना. ‘या लोकांना’ हे ऐकून मला राग आला, कारण ट्रेनिंगला असताना आमच्याबद्दल हेच शब्द मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले होते.

हिशेब तिने मला सांगितला, चुलीपाशी बसून, बोटावर मोजत. उचल दोघांच्या नावावर. कोयता मोडला म्हणजे दोघांचा खाडा. तिचा भाऊ गावाहून यायला तयार होता. बहीण-भावाचा कोयता लागला तर मुकादम खाडा थांबवणार होता. रोज थांबली तर उचल वाढत जाणार आणि पुढच्या हंगामात ती बिनपगारी राबणार. पोरं आणि स्वयंपाक सासू बघेल. तिला माणूस पाहिजे होता तो फक्त नवऱ्याला उठवायला, खुर्चीवर बसवायला, वॉकरला हात द्यायला. सासूच्याने ते होणार नव्हतं, आणि परक्या बायकांकडून नवरा करून घेणार नव्हता.

म्हणजे डबे, स्वेटर, खेळणी, फळं यांतलं तिने काहीच मागितलं नव्हतं. तिला सकाळी एक आणि संध्याकाळी एक गडी हवा होता.

इथे मला लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला चांगला शोमरोनी आठवतो, लुटारूंनी वाटेत अर्धमेला टाकलेल्या माणसाला मदत करणारा तो परका, आणि आमच्याकडे त्यावर जितके उपदेश झाले तेही. शोमरोन्याने जखमेला तेल आणि द्राक्षारस लावला, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागी, नेलं, हे शब्बाथशाळेतल्या, म्हणजे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या, लहान मुलालाही पाठ असतं. पण तो दुसऱ्या दिवशी निघून गेला. कामाचा माणूस असेल, थांबणं परवडत नसेल. उतारशाळेच्या रखवालदाराला त्याने दोन दिनार दिले आणि सांगितलं, जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तयातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून कळतं. म्हणजे दोन दिवसांच्या मजुरीचे पैसे ठेवून तो गेला, आणि कुणीही त्याला ‘माया नाही’ म्हणत नाही. बाकीचं सगळं त्या रखवालदाराने केलं असणार: पाणी, पट्ट्या, रात्री कण्हणं ऐकणं, घाण काढणं. बायबलमध्ये त्याचं एकही वाक्य नाही. आमच्या मंडळीला शोमरोनी व्हायची हौस होती आणि समोर जागा रिकामी होती ती रखवालदाराची. शोमरोन्याची जागा त्या बाईने आधीच घेतली होती. तिने भावाबरोबर कोयता लावला आणि आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, येऊन सासूच्या हातात पैसे ठेवायला सुरुवात केली.

त्यातले काही ती आम्हाला देऊ बघायची. महिला मंडळात एक डबा आहे. प्रत्येक घर रोजच्या शिजवण्यातलं मूठभर धान्य बाजूला काढतं आणि रविवारी त्यात आणून ओततं. या वेळी कुणी तिची मूठ बंद केली नाही. ती म्हणाली, पैसे नको तर धान्य घ्या, आणि किलोभर बाजरी डब्यात ओतली. ते धान्य पुढे तिच्याच घरच्या भाकरीला आलं असेल, कोण जाणे. वहीत मी ते इतर घरांच्या धान्यासारखंच लिहिलं.

गडी मात्र सहज मिळाले नाहीत. सकाळी फिटर काका, संध्याकाळी तरुण संघातली दोन मुलं आलटून पालटून, असं ठरलं. मुलं पहिल्या आठवड्यातच गळाली. एकाने मला खरं सांगितलं: “सिस्टर, वॉर्डात गाणी म्हणायला सांगा, ही बादली नको.” त्याला मी दोष देत नाही. संध्याकाळीही काकाच येऊ लागले. वयाला पंच्याहत्तरी जवळ आलेली, गुडघे दुखणारे. महिन्याने त्यातला एक मुलगा आपण होऊन परत आला, आणि काकांनी त्याला कसं धरायचं ते शिकवलं: काखेत हात घालायचा, ओढायचं नाही, त्याने जोर लावेपर्यंत थांबायचं.

काकांना एका रात्री पेशंट म्हणाला, “तुमच्या देवाला सांगा, पाय सरळ होऊ द्या.” काकांनी दोन वाक्यांत सांगितलं, आमेन म्हटलं, दिवा मालवला. रोज संध्याकाळी सासूबाई खोलीत हरिपाठ म्हणायच्या. त्या वेळी काका आले तर दाराशी बसून राहायचे, संपला की आत जायचे. हे ज्या वडिलांना कॉटपाशी प्रार्थना हवी होती त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, बघा, मागितलीच ना त्याने. मी म्हटलं, मागितली. आम्ही दोघंही आपापल्या बाजूने बरोबर ठरलो.

नाताळचा फोटो

शब्बाथशाळेच्या नाताळच्या नाटुकल्यात एक मेंढपाळ कमी पडत होता. मुलगी दिवसभर अंगणात असायची, तालमी बघायची, सगळ्यांचे संवाद तिला पाठ. शिक्षिकेने विचारलं, हिला घेऊ का? आम्ही तिच्या वडिलांना विचारायला लावलं, मुलीदेखत नाही. तो हसला. “करू द्या की. मेंढरं आमच्या चुलत्याची बी हायेत.” तिने कांबळं पांघरलं, काठी घेतली, आणि ‘चला, बेथलेहेमास जाऊ’ हे वाक्य खास बीडच्या हेलात म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तरुण संघातल्या एकाने त्याचा फोटो काढून स्टेटसला टाकला आणि वर ‘गरिबांची सेवा’ असं काहीतरी लिहिलं. तो फोटो कुणाच्या तरी मोबाइलवरून मुकादमापर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी खोप्यांमध्ये बातमी: पोरीला बाटवलं. रात्री नऊला बाईचा भाऊ दोन जणांना घेऊन आला. आवाज चढलेले होते. पाळकसाहेब दारात गेले, त्यांना बोलू दिलं गेलं नाही.

प्रकरण मिटवलं सासूबाईंनी. गळ्यातली तुळशीची माळ पुढे ओढून त्या म्हणाल्या, “ही बघ. हाय का नाय? माझी शेगडी बघ. तुझ्या बहिणीला इचार. उगा माणसं घिऊन आला.” पेशंटनेही आतून सांगितलं की मला विचारून केलंय. भाऊ ओशाळला, पण मला त्याचं चुकलं असं वाटत नाही. परमुलखात बहिणीचं कुटुंब अनोळखी लोकांच्या ताब्यात, आणि हातात एक फोटो. मी त्याच्या जागी असते तर मीही आले असते.

फोटो टाकणाऱ्या मुलाला भावासमोर उभं करून माफी मागायला लावली. त्याच्या आईला ते आवडलं नाही. एवढ्या चांगल्या कामाची शिक्षा? उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, हे डोंगरावरच्या प्रवचनातलं वाक्य त्याने पाठांतर स्पर्धेत म्हणून बक्षीस मिळवलं होतं, हे तिला आठवून द्यायचा मोह मी आवरला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ठराव झाला होता. तो वाचून दाखवण्यापलीकडे कुणाच्या अंगात उतरला नव्हता, कारण तरुण संघाच्या बैठकीत तो सांगितलाच गेला नव्हता. दुसऱ्या मंडळ्यांना मी हा एकच भाग आवर्जून वाचायला सांगेन: चांगुलपणाच्या फोटोमुळे एका कुटुंबाचं आपल्याच माणसांतलं स्थान जायची वेळ आली होती, ते जाता जाता वाचलं.

संक्रांत

संक्रांतीला बाई फडावरून आली ती तिळाचे लाडू घेऊन. उपासनेनंतर चर्चच्या पायरीपाशी उभी राहून एकेकीला द्यायला लागली, आणि बरोबर कुंकवाची डबी. आमच्यातल्या काही जणी कुंकू लावत नाहीत, काहींना त्याचं काही वाटत नाही. क्षणभर रांग थबकली. एका ताईंनी लाडू घेतला आणि तिचा हात हळूच खाली केला, “हे राहू दे गं, लाडू दे आणखी एक.” तिने दिला. पुढचीने कपाळ पुढे केलं. तिलाही लावलं. त्यावरून नंतर महिला मंडळात कुजबुज झाली, पण पायरीपाशी काही झालं नाही, आणि त्या दिवशी ती पाहुणी नव्हती, वाटणारी होती. लाडू जरा कडक झाले होते. पाक पुढे गेला होता.

राहिलेलं

फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या एक्स-रेत हाड धरायला लागल्याचं दिसलं. वॉकरवर तो अंगणभर फिरत होता. पेशंट, सासू आणि पोरं गावी गेली; बाई आणि भाऊ पट्टा पडेपर्यंत फडावर राहिले. मुलीची चौथीची शाळा दिवाळीला सुटली होती ती तशीच राहिली. गावी गेल्यावर परत बसली, एवढं फोनवर कळलं.

उचलीचं काय करायचं, यावर मंडळीत शेवटपर्यंत एकमत झालं नाही. काहींचं म्हणणं होतं, वर्गणी काढून राहिलेली रक्कम फेडू या. पण ती मुकादमाच्या खिशात जाणार, आणि पुढच्या वर्षी गरज पडली की त्याच्याकडून पुन्हा उचल घ्यावी लागणारच. दुसरे म्हणाले, मग आपण काय केलं? पाय बरा करून त्याला परत फळीवर चढायला पाठवलं. या दुसऱ्या म्हणण्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि पाळकसाहेबांनीही ते दिलं नाही. आम्ही प्रवासाचे आणि पुढच्या एक्स-रेचे पैसे दिले. उरलेली उचल पुढच्या हंगामावर गेली.

ज्या वडिलांशी माझा वाद झाला त्यांना अजून वाटतं की जाताना निदान बायबलमधल्या ‘नव्या करारा’ची एक प्रत हातात द्यायला हवी होती. ते मागच्या बैठकीतही बोलून गेले. त्याच बैठकीत खोलीच्या चावीची दुसरी प्रत काढून फिटर काकांकडे द्यायचा ठराव झाला, खुर्च्या आणि तारे ठेवायला वेगळी जागा बघायची ठरली, आणि तरुण संघाला फोटोचं कलम त्यांच्या सेक्रेटरीच्या सहीने कळवण्यात आलं.

सध्या खोलीत अथणीकडचा एक म्हातारा आहे, खुब्याचं ऑपरेशन झालेला, आणि त्याचा भाऊ. दोघांना मराठी जेमतेम येतं. कन्नड बोलणाऱ्या आमच्या एका ताईंना पहिल्याच दिवशी पाठवून त्यांना काय हवं ते विचारून घेतलं. त्यांना ज्वारीचं पीठ हवं होतं, आणि रात्री दिवा चालू ठेवायची परवानगी. खुर्चीची ट्यूब झिजली आहे, ती बदलायची आहे.